आशयाला धरून नाही

बोलणं पोतंभर असो, सायरबाई त्यातला दाणा तेवढा उचलणार आणि फोलपट ज्याचं त्याच्या पदरात परत टाकणार, अशी त्यांची नवीन जालन्यात ख्याती. सोयरिकीच्या बैठकीला मुलीकडचे लोक त्यांना मुद्दाम सोबत नेत. एकदा मुलाचा बाप चहापासून जेवणापर्यंत एकटाच बोलला. घराणं, सुरतेचा धंदा, मुलाचे विचार, मुलाचे संस्कार, मुलाला शांतता कशी आवडते. सगळे भारावून उठले. परतीच्या ऑटोत सायरबाई म्हणाल्या, “पोरगा दुपारपर्यंत झोपतो.” चौकशी केली. झोपत होता.

तेव्हापासून घरात, गल्लीत, दुकानात कुणी काही गुंतागुंतीचं बोलून गेलं की लोक त्यांच्याकडे वळत. “दादीसा, ह्याचा मतलब काय?” आणि दादीसा मतलब सांगत. एका ओळीत. दुसरी ओळ लागली तर माणसाला कळलेलंच नाही, असं त्यांचं मत होतं.

सार: सायरबाईंना सगळं कळतं.
(हे घरच्यांनी काढलेलं. कच्चं आहे.)

*

सायरबाईंना ऐकू येत नव्हतं.

*

वरचा भाग एवढाच. त्याहून जास्त सायरबाईंनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

ऐकणं एका दिवसात गेलं नाही. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची बेल, मग माणसं. माणसं त्यांनी ओठांवरून परत मिळवली. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, आणि कुणी मान फिरवून बोललं तर ठणकावायचं, “माझ्याकडे बघून बोल. घरात हीच रीत शिकवली का?” घरच्यांना वाटलं, दादीसा वयानं कडक झाल्या. नातसून कनिका तर सासूबाईंना म्हणाली, की दादीसांच्या नजरेपुढे खोटं बोलताच येत नाही, कशा थेट ओठांकडे बघतात.

कानाला मशीन लावायचं सायरबाईंच्या मनात येऊन गेलं होतं. पण समोरच्या गल्लीतल्या एका म्हातारीचं त्यांनी पाहिलं होतं. मशीन लागलं त्या दिवसापासून तिचे नातेवाईक तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायला लागले. मशीन बिघडलंय की चालू आहे, हेही कुणी विचारेना. मतलब विचारायला कोण येणार अशा माणसाकडे?

अशात चौमासा लागला, जैन स्थानकात महासतीजींची, म्हणजे साध्वीजींची, प्रवचनं सुरू झाली आणि प्रवचनांबरोबर हस्तीमलजींची स्पर्धा.

हस्तीमलजी हे मोंढ्यातले अडते आणि संघाचे मंत्री. तुरी-सोयाबीनची हर्राशी बोलून बोलून त्यांचा आवाज असा तयार झालेला, की देवाचं नाव घेतलं तरी भाव पुकारल्यासारखं वाटे. स्थानकात माईक चालत नाही. हस्तीमलजींना लागतही नाही. अख्ख्या संघात सायरबाईंना ऐकू येईल असा तो एकच आवाज शिल्लक होता.

त्यांचं म्हणणं असं, की बाया प्रवचनाला येतात, पण घरी काय नेतात? म्हणून रोज प्रवचन संपलं की एक पत्रक: ‘आजच्या प्रवचनाचे सार लिहा. (गुण १०)’. पर्युषण संपलं की ज्यांचे गुण जास्त त्यांना चांदीचा ग्लास. गुण देण्याचंही शास्त्र होतं. प्रवचनाचा विषय कळला की हस्तीमलजी आधीच आदर्श उत्तर लिहून ठेवत, आणि त्याच्याशी जुळेल तेवढे गुण देत.

“पण प्रवचन ऐकायच्या आधीच सार कसं लिहिता?” एका नव्या सुनेनं एकदा विचारलं.

“ऐकत बसलो तर लिहू कधी?” हस्तीमलजी म्हणाले.

आदर्श उत्तरांचा नमुना:

विषय लोभ. लोभ हे दुःखाचे मूळ आहे.
विषय क्रोध. क्रोध हे दुःखाचे मूळ आहे.
विषय मोह. मोह हे दुःखाचे मूळ आहे.
विषय उपवास. (खाडाखोड.) उपवास हे सुखाचे मूळ आहे.

मागच्या दोन वर्षांचे ग्लास सायरबाईंच्या कपाटात होते. लोभावरच्या प्रवचनाच्या दहा गुणांनी मिळालेला ग्लास त्या पाहुण्यांना दाखवायला काढत. तिसरा मिळाला की कुणी म्हणायला नको, दादीसा आता थकल्या. नाही मिळाला तर सगळे म्हणणार. यंदा तो ग्लास म्हणजे सायरबाईंचे कानच होते म्हणा ना.

आणि अडचण अशी, की महासतीजींच्या तोंडावर मुहपत्ती. कानांवरून दोरा, ओठांवर पांढरं चौकोनी कापड. जीवजंतू वाचत असतील, सायरबाई मेल्या. साऱ्या जालन्यात त्यांना वाचता न येणारं हे एकच तोंड, आणि सार त्याच तोंडाचं काढायचं. कापड हलायचं, थांबायचं, परत हलायचं. पुढे बसलेल्या बायका माना डोलवायच्या, तशा सायरबाईही डोलवायच्या. यंदा पहिल्या दिवशी त्यांनी अंदाजानं लिहिलं, ‘संसार असार आहे.’ विषय होता पाणी गाळून पिणे. दोन गुण. ते दोन कशाचे, हे हस्तीमलजींनाच ठाऊक.

*

गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांसाठी भिंतीलगत तीन खुर्च्या होत्या. एका टोकाला सायरबाई. दुसऱ्या टोकाला बदामबाई. मधल्या खुर्चीवर दोघींच्या पिशव्या.

बदामबाई ही सायरबाईंची देवरानी, धाकट्या दिराची बायको. गल्ली एक, घरं समोरासमोर. पंधरा-सोळा वर्षं झाली, दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणजे बोलत होत्या, पण कनिकाशी.

“कनिका बेटा, कुणाची तरी पिशवी माझ्या पिशवीवर झोपून राह्यलीय, बघ जरा.”

“कनिका, सांग त्यांना, पिशवीला काय कळतं कोण जेठानी अन् कोण देवरानी.”

“कनिका, म्हण, मालकिणीला तरी कळलं असतं तर बरं झालं असतं.”

कनिका दोन्ही पिशव्या उचलून परत तशाच ठेवायची.

भांडण झालं ते असं. सायरबाईंच्या मुलीच्या सगाईच्या आदल्या दिवशी घरच्या लोकांचं जेवण होतं आणि बेसनाच्या गट्ट्यांची भाजी सायरबाईंनी स्वतः केली होती. बदामबाईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, “जिजी, मीठ जरा बेताचं झालंय.”

एवढंच. पण समोर सायरबाई होत्या. त्यांनी सवयीनं सार काढलं: हिला म्हणायचंय, मोठ्या घरचा हात आखडता आहे. हे सार त्यांनी नणंदेला सांगितलं. नणंदेनं त्याचं सार काढलं: दुकानाच्या वाटणीत मोठ्यांनी आखडलं, असं बदाम म्हणून राह्यली. नणंदेच्या जावेनं आणखी सार काढलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांचे पुरुष एकमेकांकडे पाठ करून बसले. पुरुष पुढे दिवाळीला बोलू लागले. बायका नाही.

या सगळ्यात ते गट्टे कुणी परत चाखून बघितल्याचं ऐकिवात नाही.

दरवर्षी संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, दोघी साऱ्या जगाची क्षमा मागत. ‘जाणते-अजाणतेपणी मन दुखावले असल्यास’ हा संदेश गॅसवाल्याला जायचा, ब्लाउज शिवणाऱ्याला जायचा, चुकून एकदा नंबर लागलेल्या परतूरच्या कुणा माणसालाही दरवर्षी जायचा. एकमेकींना वेगळा पाठवायची गरज नव्हती, कारण दोघी घरच्या ग्रुपमध्ये होत्या. तांत्रिकदृष्ट्या क्षमा पोचत होती. निळ्या खुणाही दिसत.

*

दोन, शून्य, तीन, एक असे गुण पडत असताना एके दिवशी सायरबाईंची नजर मधल्या खुर्चीवरून घसरली आणि पलीकडच्या पत्रकावर पडली. लांबचं त्यांना अजून स्पष्ट दिसत होतं. आणि बदामबाईचं अक्षर तर अंबडच्या बसच्या पाटीएवढं. ‘मान हवा असेल तर मान सोडा.’

सायरबाईंनी तेच लिहिलं. ‘सोडा’च्या जागी तेवढं ‘सोडावा’ केलं, म्हणजे चोरी होत नाही. नऊ गुण.

दुसऱ्या दिवशी परत नऊ. मग त्यांनी ‘सोडा’चं ‘सोडावा’ करणंही सोडलं. लिहून झालं की बदामबाई पॅड मांडीवर कलतं ठेवून छताच्या पंख्याकडे बघत बसायची. जणू पंखा आजच बसवलाय. तोवर इकडे उतरवून व्हायचं.

बदामबाईचं अक्षर पूर्वी मुंगीसारखं होतं, हे सायरबाईंच्या चांगलं लक्षात होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिनं लिहिलेली सामानाची चिठ्ठी किराणावाला भिंग लावून वाचायचा. मग आता हे काय? सायरबाईंनी सार काढलं: घमेंड. गुण मिळायला लागले म्हणून अक्षर फुगलं. दाखवून राह्यली सगळ्यांना.

भिंतीला पाठ लावून बसलेली बाई ते कुणाला दाखवणार, एवढा एक बारीक प्रश्न राहत होता. पण बारीकसारीक गाळायचं असतं. त्यालाच तर सार म्हणतात.

घरी कनिका विचारायची, “दादीसा, आज प्रवचन कशावर होतं?”

“नऊ मिळाले.”

“पण कशावर?”

“दहापैकी.”

पर्युषण लागायच्या आधी एका सकाळी कनिका गॅसपाशी उभी राहून बोलत होती. तोंड कढईकडे, पाठ सायरबाईंकडे. ती म्हणत होती, “दादीसा, समोरच्या मयंक भैयांनी पुण्याला फ्लॅट घेतला. इथलं घर विकून राह्यले. छोटी दादीसांना दिवाळीनंतर कायमचं नेणार आहेत. आता तरी एकदा बोला ना त्यांच्याशी. जाण्याआधी.”

सायरबाईंना पाठ दिसली. पाठ किंचित वाकली होती आणि खांदे वर आले होते, म्हणजे पोरगी काहीतरी मागत होती.

“हो,” त्या म्हणाल्या, “पण हिंग बेतानं घाल.”

कनिका वळली. तिनंही सार काढलं: दादीसांचं काळीज दगडाचं आहे.

त्या घरात राहून सगळ्यांना ती सवय लागली होती.

*

संवत्सरीच्या दिवशी स्थानकात मुंगीला जागा नव्हती. उपासानं सुकलेले चेहरे, सामायिक घेऊन, म्हणजे दोन घटका संसार बाजूला ठेवून बसलेल्या बाया, सगळ्यांच्या तोंडांवर मुहपत्त्या. प्रवचनाआधी हस्तीमलजी उठले आणि पुकारले, की सायरबाई आणि बदामबाई बराबरीत आहेत. सुरुवातीला सायरबाईंचे गुण कमी पडले होते, पण मधे बदामबाई आठवडाभर तापानं घरी होती आणि त्या आठवड्यात, का कोण जाणे, सायरबाईही आल्या नव्हत्या. म्हणून दोघींचेही सुरुवातीचे तेवढेच दिवस वजा करून हिशोब बरोबरीचा केला आहे. आजच्या दहा गुणांवर ग्लास.

महासतीजी बोलल्या ते असं: क्षमा मागायची यादी लांबवू नका. साऱ्या जगाची क्षमा मागणं सोपं आहे, जग काही उलट बोलत नाही. एकच नाव घ्या. जे घेताना घसा अडतो, ते. आणि क्षमा हा शब्दसुद्धा नको. त्या माणसाकडे जायचं आणि साधं काहीतरी बोलायचं. पाणी मागितलं तरी चालेल.

सायरबाईंनी पांढरं कापड हलताना पाहिलं.

हस्तीमलजींनी आदर्श उत्तर पहाटेच लिहून ठेवलं होतं: ‘क्षमा वीरांचे भूषण आहे.’

पत्रकं वाटली गेली. बदामबाईनं पॅड मांडीवर घेतलं, पेन धरलं आणि लगेच लिहिलं नाही. मग लिहायला लागली ती थांबेना. एका ओळीच्या जागी तीन. सायरबाईंनी सार काढलं: ग्लाससाठी जीव टाकून राह्यली, बघा! नेहमी रिकामी राहणारी जागाही आज हिनं सोडली नाही. अक्षर तर असं, की पहिल्या रांगेतूनही दिसावं.

“जल्दी करा, जल्दी!” हस्तीमलजी ओरडले. “पत्रकं द्या!”

सायरबाई उतरवत सुटल्या. डोळे तिकडे, हात इकडे, मन चांदीत. मजकूर डोळ्यांतून शिरला आणि हातातून निघाला. वाटेत कुठेच थांबला नाही. माळ ओढताना मणी जसे आपोआप सरकतात तशी अक्षरं सरकली, पूर्णविरामासकट. पत्रक हातातून गेलं तेव्हा त्यांच्या बोटांना कळ लागली होती आणि काय लिहिलं ते विचाराल तर, दहापैकी.

*

दुसऱ्या दिवशी सामूहिक क्षमापना. त्याच सभागृहात, त्याच खुर्च्यांवर, दोघी सामायिकात, तोंडांवर त्याच मुहपत्त्या, मधे त्याच पिशव्या. लोक एकमेकांपुढे हात जोडत फिरत होते. ज्यांचं भांडण नव्हतं ते जास्त वाकत होते.

मग हस्तीमलजी दोन पत्रकं घेऊन उभे राहिले.

“संघात पारदर्शकता पाहिजे,” ते म्हणाले, “म्हणून दोन्ही उत्तरं सगळ्यांसमोर वाचतो. आधी आदर्श उत्तर. क्षमा वीरांचे भूषण आहे! आता सायरबाई लिहितात.” त्यांनी कागद डोळ्यांपुढे धरला आणि भाव पुकारावा तसं वाचलं. “जिजी, दिवाळीनंतर मी पुण्याला चालले, कायमची. त्याआधी एकदा तुमच्या हातचे गट्टे खायला बोलवा. मीठ कमी असलं तरी चालेल.”

हस्तीमलजींनी कागद उलटा करून मागे बघितलं. मग दुसरा घेतला.

“बदामबाई लिहितात. जिजी, दिवाळीनंतर मी…” ते थांबले. “तेच आहे. शब्दन्‌शब्द.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग रांगच्या रांग हसली. मिठाची गोष्ट जालन्यात कुणाला ठाऊक नव्हती? मागून एक आवाज आला, “नक्कल! नक्कल!” हे सायरबाईंना ऐकू आलं नाही. त्यांना हस्तीमलजींचा तेवढा आवाज ऐकू आला होता, आणि त्यात स्वतःचं उत्तर. पहिल्यांदा त्यांना वाटलं, हे मी कधी लिहिलं? मग वाटलं, मला जिजी कोण म्हणतं? जगात एकच बाई म्हणायची. मग ‘पुण्याला’ हा शब्द आत जाऊन पडला, आणि त्यापाठोपाठ कनिकाची वाकलेली पाठ, छताकडे बघत बसलेली बदाम, कलतं धरलेलं पॅड, आणि चौमासाभरची ती बसच्या पाटीएवढी अक्षरं.

भिंतीला पाठ लावून बसलेली बाई ती कुणाला दाखवत होती?

“दोन्ही उत्तरं आशयाला धरून नाहीत,” हस्तीमलजींनी निकाल दिला. “दोघींना शून्य. ग्लास तिसऱ्या नंबरला.” तिसऱ्या नंबरच्या बाईंनी रोज एकच ओळ लिहिली होती, ‘धर्म हाच आधार आहे’, आणि रोज पाच गुण मिळवले होते. त्या लगबगीनं उठल्या.

पण हस्तीमलजींची उत्सुकता भागली नव्हती. ते खुर्च्यांकडे वळले. “सायरबाई, तुम्ही दोन वर्षांच्या विजेत्या. संघाला कळू द्या. ह्याचा मतलब काय?”

सभागृह वळलं. हाच तो प्रश्न, ज्यावर त्यांचं आयुष्य उभं होतं. आणि उत्तरही तयार होतं. सायरबाईंच्या जिभेवर अशी उत्तरं धुऊन-पुसून ठेवलेली असत. हा दृष्टान्त आहे म्हणायचं. जीव निघायच्या आधी देहाकडे शेवटचा घास मागतो म्हणायचं. लोकांनी माना डोलावल्या असत्या. कदाचित हस्तीमलजींनी पाच गुणही दिले असते, आणि ग्लास परत मागवला असता.

सायरबाईंनी मुहपत्तीमागे तोंड उघडलं.

“मीठ कमी होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“त्या दिवशी. गट्ट्यांत. मीठ कमीच होतं. मी नंतर कढई पुसताना चाखलं होतं.”

पलीकडच्या खुर्चीवर पांढरं कापड हललं.

“काय म्हणालीस?” सायरबाईंनी विचारलं. कनिकाला नाही, सरळ तिला.

कापड परत हललं.

“ऐकू येत नाही मला, बदाम,” सायरबाई म्हणाल्या. किती मोठ्यानं म्हणाल्या ते त्यांना कळलं नाही. “मागच्या दिवाळीपासून येत नाही. कुणाचंच.”

सभागृह एकदम चिडीचूप झालं. सायरबाईंना त्यात नवीन काही वाटलं नाही.

बदामबाईनं हात वर नेला, कानावरचा दोरा सोडला आणि मुहपत्ती खाली ओढली. भर सभागृहात, चालू सामायिकात. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कपाळाला हात लावला. बदामबाई सायरबाईंकडे तोंड करून बोलली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं आणि मोठं करून, पत्रकावर लिहायची तसंच.

“ठा-ऊ-क आ-हे, जि-जी.”

“कधीपासून?”

“तुम्ही पहिल्या दिवशी पाण्यावर संसार लिहिला, तेव्हापासून.”

“मग हसलीस असशील.”

“हसले. घरी जाऊन. बराच वेळ.”

सायरबाईंनी मधल्या खुर्चीवरच्या पिशव्या उचलल्या, दोन्ही, आणि खाली ठेवल्या. मग गुडघ्यांना सांभाळत सरकून त्या खुर्चीवर बसल्या. इतक्या जवळून ओठ बरे दिसत होते.

“पुण्याला कशाला मरायला चाललीस?”

बदामबाईनं सांगायला सुरुवात केली. मयंकचं काम, घराचं गिऱ्हाईक, फ्लॅटची लिफ्ट, तिथं कुणी ओळखीचं नाही, मग एकदम जुनं काहीतरी, मग परत लिफ्ट. धड क्रम नव्हता. निम्मं ओठांवरून निसटत होतं, आणि ज्या बोलण्याचं सार सायरबाईंनी एरवी पहिल्या वाक्यालाच काढून हातात दिलं असतं, ते त्या तसंच, फोलपटासकट घेत होत्या.

तिकडे मांगलिकाची, शेवटच्या आशीर्वादाच्या पाठाची, वेळ झाली होती. लोक उठून उभे राहिले. कनिका कधी इकडे, कधी तिकडे बघत होती. तिला आता कुणाचं कुणाला सांगायचं नव्हतं.

“चला, जल्दी आटपा!” हस्तीमलजी ओरडले. “सायरबाई, मुद्दा काय तो सांगा अन् उठा!”

हे सायरबाईंना स्पष्ट ऐकू आलं. बदामबाईच्या तोंडावरची नजर न हलवता त्यांनी हात वर केला.

“थांबा हो,” त्या म्हणाल्या. “अजून तिचं बोलणं झालं नाही.”